धनुर्धराच्या पुढे कोण?

गेल्या माघातील जत्रेच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. पालखी देवळात परतली होती, पंगती उठल्या होत्या आणि अग्रशाळेच्या ओसरीवर चार-पाच तरुण भिंतीला पाठ टेकून हातातील मोबाइलमध्ये डोळे खुपसून बसले होते. मधूनच एखादा हळहळे, एखादा मांडीवर थाप मारी. त्यांत माझा भाचाही होता. शेजारी बसलेल्या एका वयोवृद्ध महाजनांनी थोडा वेळ तो प्रकार न्याहाळला आणि मग माझ्याकडे वळून विचारले, "वकीलबाब, हो जुगारच न्हय?" प्रश्न साधा होता, परंतु त्याच्या पाठीशी एक ठराव उभा होता. अग्रशाळेच्या आवारात असले खेळ खेळण्यास मनाई करावी, अशी सूचना महाजनांच्या पुढील सभेत यावयाची होती, आणि त्या वेळी माझे मत विचारले जाणार हे उघड होते.

ज्या प्रदेशात मांडवीच्या पात्रातील जहाजांवर द्यूताला कायद्याने मुभा आहे, तेथील वृद्धांच्या मनात ही धास्ती असावी यात नवल नाही. परंतु न वाचलेल्या दस्तऐवजावर मत देऊ नये, हा आमच्या धंद्यातील पहिला धडा. म्हणून मी भाच्याला म्हटले, "अरे, मला हा खेळ शिकव." तो हसून म्हणाला, "मामा, तुम्हांला जमेल. पण आधी पुष्कळ हरावं लागेल." पुढील तीन महिने मी त्याच्यापाशी शिकलो, त्याच्या भाकिताप्रमाणे पुष्कळ हरलो आणि क्वचित जिंकलोही. नाटक पाहून नाटकाविषयी लिहावे, ग्रंथ वाचून ग्रंथाविषयी लिहावे, त्याच रीतीने खेळ खेळून खेळाविषयी लिहिण्याचा हा प्रयत्न आहे.

खेळाचे नाव स्प्लिंटरलँड्स. जेसी राइश आणि मॅथ्यू रोझेन या दोघांनी 2018 साली 'स्टीम मॉन्स्टर्स' या नावाने तो सुरू केला. पुढे त्याला आजचे नाव मिळाले, आणि 2020 साली ज्या 'स्टीम' नावाच्या संगणकीय खातेवहीवर तो उभा होता ती सोडून तो 'हाइव्ह' नावाच्या दुसऱ्या खातेवहीवर आला. खातेवही हा शब्द मी जाणूनबुजून योजतो. ब्लॉकचेन या नावाने जिचा इतका गवगवा होतो ती वस्तू म्हणजे एकाच वेळी अनेकांच्या दप्तरी राहणारी, आणि म्हणूनच कोणा एकाला गुपचूप खाडाखोड करता न येणारी, खातेवहीच होय. कोणता पत्ता कोणाच्या मालकीचा, याची नोंद तीत राहते. पत्ता कागदाचा नसला तरी तो विकता येतो, भाड्याने देता येतो, दुसऱ्याच्या नावे करता येतो. थोडक्यात, मालमत्तेची बरीचशी लक्षणे त्याच्या ठायी आहेत.

खेळाची रीत अशी. दोन खेळाडू समोरासमोर येतात. प्रत्येकाने आपल्या संग्रहातून एक आवाहक निवडावयाचा आणि त्याच्या हाताखाली जास्तीत जास्त सहा योद्धे एकामागे एक रांगेत उभे करावयाचे. प्रत्येक पत्त्याला 'मॅना' नावाचे मोल आहे. त्या सामन्यापुरती एकूण मॅनाची मर्यादा ठरवून दिलेली असते. कधी ती तुटपुंजी, कधी सढळ. अग्नी, जल, पृथ्वी, जीवन, मृत्यू आणि ड्रॅगन अशी कुळे आहेत. आवाहक ज्या कुळाचा, त्या कुळाचे वा तटस्थ असेच योद्धे सामान्यतः घेता येतात. शिवाय प्रत्येक सामन्याला एखाददुसरा विशेष नियम लागू असतो. हे सारे पाहून काही मिनिटांत रचना सादर करावयाची. ती एकदा सादर झाली की खेळाडूचे काम संपले. पुढील युद्ध आपोआप चालते. आपण केवळ प्रेक्षक. कोणाला थांबवता येत नाही, कोणाला सरकवता येत नाही, चुकलेल्याला परत बोलावता येत नाही.

योद्धे प्रामुख्याने तीन जातींचे. हातघाईने लढणारे, मंत्रशक्तीने मारा करणारे आणि दुरून अस्त्र सोडणारे. या तिसऱ्या जातीला मी सोयीसाठी धनुर्धर म्हणतो. त्यांच्या हाती नेहमी धनुष्यच असते असे नाही. हातघाईचा योद्धा सामान्यतः रांगेत पहिला असेल तरच लढतो. मांत्रिक कोठूनही मारा करतो. आणि धनुर्धर कोठूनही मारा करतो, फक्त पहिल्या स्थानावरून नाही. शत्रू अंगाशी भिडला की धनुष्य निरुपयोगी, हा त्यामागील साधा तर्क. या एका वाक्याच्या नियमावर धनुर्धरांच्या सेनेचे सारे भवितव्य अवलंबून आहे, आणि प्रस्तुत लेखकाला तो पाठ असूनही कळला नव्हता.

माझी पहिली रचना सांगण्यासारखी आहे. जीवन कुळात जनरल स्लोन नावाचा आवाहक आहे. त्याच्या हाताखालील प्रत्येक धनुर्धराच्या प्रहारात तो 1ने भर घालतो. चार धनुर्धर असतील तर दर फेरीला 4ची भर, आणि त्यांतील एखाद्याला फेरीत दोनदा मारा करण्याचा गुण असेल तर त्याच्या दोन्ही बाणांना ती भर मिळते. हिशेब मोहक होता. मी मनाशी म्हटले, चारच का, सहाही धनुर्धरच घ्यावेत. तसे घेतले. युद्ध सुरू झाले आणि पहिला धनुर्धर हाती अस्त्र असून नुसता उभा राहिला. तो पडला, तशी रांग एक पाऊल पुढे सरकली, आणि जो दुसरा आतापर्यंत उत्तम मारा करीत होता तोही पहिल्या स्थानी येताच निःशस्त्र झाला. मग तिसरा, मग चौथा. आपली पाळी येताच प्रत्येकाने शस्त्र खाली ठेवावे आणि मरावे, अशी ती शिस्तबद्ध शोकांतिका होती. भाच्याने एवढेच विचारले, "मामा, पुढे कोणाला उभं केलंत?"

या खेळाचे सारे सार त्या प्रश्नात आहे, असे मला आज वाटते. धनुर्धरांची सेना जिंकते ती धनुर्धरांमुळे नव्हे. त्यांच्या पुढे जो उभा असतो त्याच्यामुळे. पहिल्या स्थानावरील योद्ध्याकडून पराक्रमाची अपेक्षा नसते, टिकण्याची असते. तो जितक्या फेऱ्या उभा राहील तितक्या फेऱ्या मागच्यांच्या भात्याला अर्थ आहे. म्हणून तेथे भरपूर प्राण आणि चिलखत असलेला, शक्यतो 'शील्ड' हा गुण असलेला योद्धा हवा. या गुणामुळे हातघाईच्या व धनुर्धरांच्या प्रहारांची इजा निम्मी होते. जीवन कुळातील सिल्व्हरशील्ड पॅलाडिन हा असा एक योद्धा. मॅनाचा मोठा वाटा अशा पुढच्या योद्ध्यावर खर्च करणे नवख्याच्या जिवावर येते, कारण त्याच्या नावे शत्रुहानीचा आकडा लहान असतो. परंतु अनुभवी खेळाडू प्रथम तेथेच हात सैल सोडतो आणि उरलेल्यात धनुर्धर बसवतो.

दुसऱ्या स्थानाचाही विचार लागतो. पहिला पडला की तेथील योद्धा पुढे येणार. म्हणून तेथे धनुर्धर न ठेवता 'रीच' हा गुण असलेला, म्हणजे दुसऱ्या स्थानावरूनही हातघाईने लढू शकणारा योद्धा ठेवावा, हे शहाणपणाचे. मागे उभा असताना तो उपयोगी पडतो आणि पुढे आल्यावर निरुपयोगी होत नाही. तिसऱ्यापासूनची स्थाने धनुर्धरांची. आघाडीच्या योद्ध्याचे प्राण किंवा चिलखत फेरीगणिक भरून काढणारा एखादा सेवक त्यांच्यात असावा. तो मारा करीत नसला तरी चालेल. येथे नवख्याची आणखी एक चूक होते. 'इन्स्पायर' या गुणाने साऱ्या सेनेला बळ येते असे समजून तो त्या गुणाचा योद्धा घेतो. ते बळ केवळ हातघाईच्या योद्ध्यांना मिळते, धनुर्धरांना नाही. मीही ती चूक केली आहे.

शेवटचे स्थान सुरक्षित वाटते, पण तसे नाही. 'स्नीक' हा गुण असलेला हातघाईचा शत्रू आघाडी ओलांडून थेट शेवटच्या योद्ध्यावर घाव घालतो. 'स्नाइप' गुणाचा शत्रू मागच्या रांगेतील धनुर्धर, मांत्रिक आणि मारा न करणारे यांना वेचतो. जयद्रथाला सर्वांत मागे ठेवून द्रोणाचार्य स्वतः शकटव्यूहाच्या मुखाशी उभे राहिले, तेव्हा अर्जुनाने मुख फोडण्याचा हट्ट धरला नाही. गुरूंना प्रदक्षिणा घालून तो आत निघून गेला. ती कथा ज्याने कीर्तनात ऐकली आहे त्याला 'स्नीक' म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. अतएव शेवटच्या स्थानी स्वस्त पण चिवट योद्धा ठेवावा, अथवा ज्याच्या पडण्याचाही उपयोग होतो असा ठेवावा. व्हेनारी मार्क्सरॅट हा लहानसा धनुर्धर मेला की त्याच्या लगतच्या सोबत्यांचे सर्व गुण 1ने वाढतात. त्याला कोठे उभे करावयाचे, याचा विचार म्हणजे तो कोणाशेजारी मरणार याचा विचार होय.

आता धनुर्धर केव्हा घ्यावेत आणि केव्हा घेऊ नयेत, हे पाहू. या खेळातील चिलखताचा हिशेब विलक्षण आहे. 5 बळाचा बाण 1 चिलखतावर पडला, तर ते 1 चिलखत फुटते आणि उरलेले 4 बळ वाया जाते. विशिष्ट भेदक गुण नसेल तर ते प्राणापर्यंत पोहोचत नाही. मांत्रिकाचा मारा मात्र चिलखत ओलांडून थेट प्राणावर पडतो. समजा, शत्रूच्या आघाडीवर 4 चिलखत आणि 10 प्राण आहेत. 2 बळाच्या धनुर्धरांना तेथे 7 बाण लागतील. तेवढ्याच बळाच्या मांत्रिकांना 5 प्रहार पुरतील. धनुर्धराचे बळ 3 असेल, तर पहिल्या बाणानंतर 1 चिलखत उरेल, दुसऱ्या बाणातील 2 बळ फुकट जाईल आणि प्राणांसाठी आणखी 4, असे एकूण 6 बाण लागतील. म्हणजे बळ दीडपट झाले आणि बचत एकाच बाणाची झाली. हा हिशेब ज्याने मांडला नाही, त्याला स्लोनच्या देणगीची खरी किंमत कळत नाही. ती चिलखत नसलेल्या शत्रूपुढे भरघोस आहे, चिलखती शत्रूपुढे बेताची.

त्यातून बाण चुकतोही. शत्रूची गती जितक्या अंकांनी अधिक, तितके दहा टक्के चुकण्याची शक्यता वाढते. शत्रू उडणारा असेल आणि आपण नसू, तर आणखी 25 टक्के. दोन अंकांनी चपळ असलेल्या उडत्या शत्रूवर सोडलेल्या शंभर बाणांतील सुमारे 45 वाया जाणार, हे गृहीत धरून मगच रचना करावी. 'हेडविंड्स' या गुणाचा एक शत्रू असला तरी साऱ्या धनुर्धरांचे बळ घटते, आणि 'रिटर्न फायर' गुणाचा शत्रू बाणाचा काही प्रसाद सोडणाऱ्यालाच परत देतो. उलट 'कीप युअर डिस्टन्स' हा नियम लागू असेल, तर हातघाईचे योद्धे मुळातच बाद होतात. 'वीक मॅजिक'मध्ये मांत्रिकांनाही प्रथम चिलखत फोडावे लागते. 'एम ट्रू'मध्ये कोणाचाच नेम चुकत नाही. 'क्लोज रेंज'मध्ये धनुर्धराला पहिल्या स्थानावरूनही मारा करता येतो. या नियमांखाली धनुर्धरांची सेना खुलते. 'ब्रोकन ॲरोज'मध्ये मात्र एकही धनुर्धर घेता येत नाही, आणि ज्याने आपला सारा संग्रह एकाच जातीवर उभारला त्याला रिकाम्या हाताने उभे राहावे लागते.

येथवर जे सांगितले ते खेळाच्या बाजूचे आहे. एक कलाकृती म्हणून या रचनेत खरे सौंदर्य आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. आपल्याकडील वीरकथा ऐकणाऱ्याला धनुर्धराचेच नाव आठवते. रथापुढे कोण होता हे कोणी विचारीत नाही. परंतु भीष्मांवर बाण सोडताना अर्जुनाच्या पुढे शिखंडी होता, हे व्यासांनी नोंदून ठेवले आहे. कर्तृत्व दिसते एकाचे आणि ते उभे असते दुसऱ्याच्या सोसण्यावर, हे सत्य हा खेळ उपदेश न करता, केवळ एका नियमाने, खेळाडूच्या गळी उतरवतो. युद्ध सुरू झाल्यावर काहीही करता येत नाही, या बंधनालाही मी दोष देणार नाही. दावा दाखल करणाऱ्या वकिलाला ते चांगले ठाऊक असते. जे आपण वादपत्रात मांडलेच नाही, ते पुढे साक्षीदाराच्या तोंडून येईल या भरवशावर राहणारा वकील हरतो. आगाऊ विचाराचे फळ नंतर निमूटपणे पाहणे, ही शिस्त तरुणांना लागली तर वाईट नाही.

मग दोष कोठे आहे? माझ्या मते तो तीन ठिकाणी आहे.

पहिला दोष कल्पनेचा. या खेळात शेकडो पत्ते आहेत, प्रत्येकाचे चित्र आहे, नाव आहे, रचलेला इतिहासही आहे. परंतु खेळताना त्या इतिहासाचा उपयोग शून्य. पॅलाडिन कोण, तो कोणासाठी लढतो, हे न कळताही त्याचा पुरेपूर उपयोग होतो. येथे आमच्या शेजारच्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाची आठवण होते. 120 गोल पत्ते, दहा रंग, प्रत्येक रंग एका अवताराचा आणि प्रत्येकात राजा, प्रधान व 1 ते 10 अशी 12 पाने. निम्म्या रंगांत दहा थोर आणि एक्का लहान. उरलेल्या निम्म्यांत एक्का थोर आणि दहा लहान. स्प्लिंटरलँड्समध्येही 'रिव्हर्स स्पीड' नावाचा नियम आहे, त्याने मंद योद्धा चपळाच्या आधी मारा करतो. युक्ती सारखीच, पण गंजिफा खेळणाऱ्याच्या तोंडी मत्स्य, कूर्म, वराह ही नावे आपोआप येत, आणि ती नावे पत्त्यांच्या बाहेरही त्याच्या घरात, देवळात, बोलण्यात नांदत होती. स्प्लिंटरलँड्सचे योद्धे पडद्याबाहेर कोठेच नांदत नाहीत. खेळाडूच्या स्मरणात त्यांचे केवळ आकडे राहतात.

दुसरा दोष यातूनच निघतो. ज्या खेळात केवळ आकड्यांचा हिशेब उरतो, तो यंत्राला खेळता येतो. रचना सादर केल्यावर मनुष्याची गरज नाही, हे आपण पाहिले. मागील सामन्यांच्या नोंदी खातेवहीत कोणालाही उघड असल्याने रचना करण्यासाठीही त्याची गरज उरली नाही. स्वयंचलित प्रणाली या खेळात मोठ्या संख्येने उतरल्या, आणि खेळाच्या चालकांना त्यांच्याविषयी वेगळे नियम करावे लागले. ज्या व्यूहाचे आपण कौतुक केले, तो समोर एखाद्या पोराने रचला की यंत्राने, हे खेळाडूला कळेनासे झाले. बुद्धिबळातही संगणक मनुष्याहून सरस झाला आहे. पण तेथे समोरचा मनुष्य चाली करताना घाम पुसतो, चुकतो, सावरतो. येथे चुकून सावरण्याची जागाच नाही.

तिसरा दोष सर्वांत गंभीर, आणि महाजनांच्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे.

आमच्या कायद्याने कौशल्य आणि दैव यांत भेद केला तो जुना आहे. 1867च्या सार्वजनिक जुगार अधिनियमाने निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळले. 1957 साली चमारबागवाला यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने, ज्या स्पर्धेत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते ती द्यूत नव्हे, हे तत्त्व मान्य केले. 1967 साली सत्यनारायण यांच्या खटल्यात रमी हा खेळ त्याच तत्त्वाने कौशल्याचा ठरला. पत्ते कसे पडतात हे दैवाधीन असले तरी ते धरणे आणि टाकणे यात बुद्धी लागते, असा त्या निर्णयाचा आशय. 2025 साली संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक अधिनियमाने पैसे लावून, जिंकण्याच्या आशेने खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांपुरता हा भेदच बाजूस सारला. खेळ कौशल्याचा असो वा दैवाचा, पैशाची बाजी असेल तर तो वर्ज्य. विशिष्ट खेळ त्या व्याख्येत बसतो की नाही हा न्यायालयांचा विषय आहे. परंतु टीकाकाराला जुन्या भेदाचा उपयोग अजूनही आहे, कारण दैव नेमके कोठे बसले आहे हे त्याने कळते.

रमीत पाने वाटली जातात. श्रीमंत आणि गरीब दोघांच्याही हाती येणारे पान दैवाधीन असते, आणि त्या अर्थी दैव हा मोठा समतावादी आहे. स्प्लिंटरलँड्समध्ये पाने वाटलीच जात नाहीत. जो तो आपली पाने घरून आणतो, आणि ती बाजारातून आणतो. एकाच पत्त्याच्या अनेक प्रती एकत्र करून त्याची पातळी वाढवता येते. पातळी वाढली की प्राण वाढतात, बळ वाढते, नवे गुण येतात. शिवाय योद्ध्याची पातळी किती वापरता येईल यावर आवाहकाच्या पातळीची मर्यादा असते, म्हणून आवाहकावरही खर्च आला. पाच-पाच पत्त्यांची बंद पाकिटे विकली जातात. त्यांतून सामान्य पत्ता निघेल की दुर्मिळ, हे उघडल्यावरच कळते. याचा अर्थ असा की दैव रणांगणातून उठून दुकानात जाऊन बसले. लढाईत जो थोडाफार योगायोग आहे, बाण चुकण्याचा वगैरे, तो कोणत्याही खेळात असावा इतकाच आहे. जुगाराचा अंश आहे तो पाकीट फोडण्याच्या क्षणी. आणि त्या पत्त्यांचा बाजारभाव चढेल या आशेने ती घेऊन ठेवण्यात.

2021 साली या आशेला उधाण आले होते. 10 डॉलरचे एक 'मंत्रपुस्तक' विकत घेतले की खेळून मिळकत करता येई, आणि जगभरातून माणसे आली. खेळाचे स्वतःचे नाणे होते, मग त्याच्या कारभारात मत देण्याचे दुसरे नाणे आले. पुढील दोन-तीन वर्षांत या नाण्यांच्या किमतीचा बहुतेक भाग नाहीसा झाला आणि पत्त्यांचे भावही कोसळले. मिळकतीसाठी आलेले मिळकतीबरोबर गेले.

येथे मला माझी पहिली रचना आठवते. खेळाच्या निर्मात्यांनी एका नियमात जे अचूक सांगितले, ते समग्र खेळाची मांडणी करताना ते विसरले. खेळाचा आनंद, बुद्धीची कसोटी, व्यूहाचे सौंदर्य हे त्यांचे धनुर्धर. त्यांच्या पुढे त्यांनी उभी केली पैशाची आशा, जिच्यात टिकण्याचा गुण मुळातच नाही. ती पडली, आणि मागचा आनंद एकाएकी पहिल्या स्थानी आला. तेव्हा लोकांना तो पुरेसा वाटेना. आधीच पुढे मित्रांची संगत, ओळखीचा प्रतिस्पर्धी किंवा नुसती खेळण्याची हौस उभी असती, तर किमतीचे घाव त्यांनी सोसले असते. बुद्धिबळाची पटावरील प्यादी बाजारात कितीला विकतात, हे कोणी विचारीत नाही. म्हणून तो खेळ शतकानुशतके उभा आहे.

महाजनांच्या सभेत मी याच मुद्द्यांवर बोललो. खेळ जुगार नाही. खेळाभोवतीचा बाजार जुगाराच्या फार जवळ आहे. आणि या दोहोंतील रेघ मुलांना दाखवून देणे हे मनाईच्या ठरावापेक्षा कठीण, पण अधिक उपयोगाचे आहे, एवढे माझे म्हणणे होते. कोणी विचारले, की रेघ दाखवावयाची म्हणजे काय करावयाचे? मी म्हटले, मुलगा आपल्याला रचना समजावून सांगत असेल तर ऐकावे. भाव सांगू लागला तर थांबवावे. काहींना ते पटले, काहींना नाही. ठराव पुढील सभेवर गेला.

त्या वयोवृद्ध महाजनांनी मात्र एक वेगळीच गोष्ट केली. सभा संपल्यावर ते ओसरीवर आले, माझ्या भाच्याच्या शेजारी बसले आणि त्याला म्हणाले, "दाखव बघू तुझी रांग." भाच्याने दाखवली. त्यांनी चष्मा पुसला, वाकून पाहिले, आणि पहिल्या स्थानावरील चिलखती योद्ध्यावर बोट ठेवून विचारले, "हा कोण? हा तर काहीच मारीत नाही!" भाचा त्यांना समजावून सांगू लागला. मी तेथून उठलो. कारण त्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापेक्षा तोच चांगले देणार होता.